कुंताबाईंचे भासरे

"अवो, पन म्हंजे कोन?" कुंताबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी पत्रातून डोकं वर काढलंच नाही. काढलं असतं तर फिसकन हसू आलं असतं. कॅनडाच्या दिल्लीतल्या कचेरीतून आलेलं पत्र होतं, इंग्रजी अगदी सरळ होतं, मला समजलंही होतं. पण ते सांगायचं कोणाला? समोर साठीला टेकलेली, पवार समाजातली सून, चाळीस वर्षांत डोक्यावरचा पदर न ढळलेली. मांडीवर कोचईची, म्हणजे अळूची, पानं, हाताला बेसन.

"काकीजी," मी एकदाचं बोलून टाकलं, "ते विचारतात, तुम्ही अर्जात विधवा लिहिलंय ना, मग फोटोत दुर्गाच्या त्या बाजूला बसलेला माणूस कोण? पत्ता दोघांचा एकच, घर एकच, इतकी वर्षं सोबत राहता. तर हा तुमचा... म्हणजे लग्न न करता ठेवलेला घरधनी आहे का, म्हणतात. असेल तर त्याचेही कागद पाठवा."

बाहेर ओसरीवर मनिरामजी अंबाडीची दोरी वळत बसले होते. दोरी वळायचा आवाज थांबला.

कुंताबाई आधी लालबुंद झाल्या. मग पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण ते हसू काही कोंबण्यासारखं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बेसनाचे हात वर धरून त्या हसतच सुटल्या. शेवटी कुजबुजत म्हणाल्या, "अगे माय व रविता! ज्याहीच्या पुढून कधी चप्पल घालून नाई गेली मी, त्याहीच्या संग कॅनडावाल्यानं माहं लगनच लावून देल्लन!"

मनिरामजी रहांगडाले हे कुंताबाईंचे भासरे. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्यापुढे तोंड उघडं ठेवायचं नाही, खाटेवर बसायचं नाही, आणि शिवायचं तर मुळीच नाही. भासऱ्यानेही घरात शिरताना खोकायचं, म्हणजे सून पदर सावरून बाजूला होते. आता हे सगळं सैल झालंय. मी तर माझ्या भासऱ्यांशी टीव्हीच्या रिमोटवरून भांडते. पण हे दोघं जुन्या चालीचे. जुने म्हणजे किती जुने, तर त्यांच्या बोलण्यात आजवर एक शब्द थेट गेला नव्हता.

कुंताबाईंचा नवरा शालीकराम साप चावून गेला, तेव्हा त्यांची मुलगी दुर्गेश्वरी, म्हणजे आमची दुर्गा, पाटी-पेन्सिलीच्याही वयाची नव्हती. पाचसहा वर्षांनी मनिरामजींच्या बायकोला, रुख्मिणीबाईंना काविळीने नेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. एका घरात उरले कोण, तर एक विधवा, एक विधुर आणि मधे एक पोट्टी. चोरखमारा धरणाच्या कालव्याखालचं आमचं गाव धानाला जितकं चांगलं, तितकंच जिभेला वाईट. सगळे टपून बसले होते. पण बोट ठेवायला फट तर हवी! मनिरामजी ओसरीवर, कुंताबाई आत. मधली दोन खणांची जागा दोघांनी कधी ओलांडली नाही. मनिरामजींनी दुसरं लग्न केलं नाही, कुंताबाईही माहेरी गेल्या नाहीत. शेवटी गावच थकलं आणि दुसऱ्यांच्या मागे लागलं.

मग बोलायचे कसे? तर मधे कोणीतरी घालून. आधी ती दुर्गा. तिचं सगळं लहानपण निरोप पोचवण्यात गेलं. "माये, बाबाजी म्हनतेत धानाच्या बांधीत पानी सोडलं." "बाबाजी, माय म्हनते तेल सरलं." दुर्गा मनिरामजींनाच बाबाजी म्हणायची. तिला नर्सिंगला नागपूरला सोडायला तेच गेले, दुबईच्या विमानाला पोचवायलाही तेच. पोरगी दूर गेल्यावर या दोघांची भलतीच पंचाईत झाली. काही दिवस मांजर होती. मनिरामजी ताटावर बसून मोठ्याने म्हणत, "मांजरी, आज वरन मस्त झालं व!" आणि आतून कुंताबाई तव्याला सांगत, "तव्या, आनखी घ्या म्हनाव." मांजर मेली आणि शेजारच्या घरात मी लग्न होऊन आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, घर भिंतीला भिंत लावून, तोंड चालू. झालं! मांजरीची जागा मला मिळाली, ती अजून सुटली नाही.

तर ही दुर्गा दुबईहून कॅनडाला गेली, तिथली झाली, तिथेच नर्सचंच काम करणाऱ्या एका मल्याळ्याशी लग्न केलं. मग तिने आईला कायमचं तिकडे न्यायचा अर्ज भरला. तिला दोघांनाही न्यायचं होतं. पण तिथला कायदा म्हणतो, आई-बाप आणता येतात, आजी-आजोबा आणता येतात. मोठा बाप, म्हणजे थोरला चुलता, कुठल्याच रकान्यात बसेना. बाप तो बाप, बापासारखा तो कोणी नाही.

आणि अर्जाला कुटुंबाचा फोटो लावायचा तर दुर्गाने काय लावावं? सुट्टीवर आली तेव्हा तिरोड्याच्या स्टुडिओत काढलेला, तिघांचा! दुसऱ्या कोणाला हे सुचलंही नसतं. तिच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे तेवढंच. फोटो काढताना मी तिथे होते. फोटोवाला ओरडत होता, "आजी, थोडं जवळ सरका!" की कुंताबाई आणखी दूर सरकायच्या. शेवटी एका बाकाच्या एका टोकाला त्या, नाकापर्यंत पदर, तोंड भिंतीकडे. दुसऱ्या टोकाला मनिरामजी, दिवाळीच्या धोतरात, तोंड दुसऱ्या भिंतीकडे. मधे दुर्गा, दात काढून. आम्हाला त्यात भासरे-सून दिसतात. कॅनडाच्या साहेबाला त्यात नुकतंच भांडलेलं नवरा-बायकोचं जोडपं दिसलं. त्याचा तरी काय दोष?

पत्र घेऊन मी गोंदियाला गेले. बाजारात भैय्यालाल म्हणून एक इसम पासपोर्ट-व्हिसाची कामं करतो. त्याने पत्र वाचलं आणि टेबलावर थाप मारली.

"मैडम, ये तो लॉटरी लग गई! साहब खुद पूछ रहा है ना, आदमी है क्या? तो हाँ बोल दो! एक एफिडेविट, दो गवाह, काम खतम. दोनों साथ में निकल जाएँगे. कौन आ रहा है कॅनडा से तुम्हारे गाँव में पूछने?"

खोटं कशाला सांगू, मी डळमळले. बसमध्ये बसल्याबसल्या मला ते दोघं कॅनडात दिसायला लागले. दुर्गाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "रविता, पाप लागंल का व? पन मले बाबाजी पायजे. ते एकटे का करतीन तेथी?" आणि रडायला लागली. तेव्हाच तिने सांगितलं की तिला दिवस गेलेत. चाळिशीच्या उंबऱ्यावर, इतक्या वर्षांनी.

संध्याकाळी मी ओसरीवर मनिरामजींच्या पुढ्यात बसले आणि भैय्यालालची युक्ती सांगितली. जरा गुळमुळीत सांगितली, पण सांगितली. त्यांनी दोरीचं टोक दाताखाली धरलं, गाठ मारली, दोरी बाजूला ठेवली.

"मास्तरीनबाई, ते जागा शालीकची आहे. शालीक मेला, त्याची जागा नाई मेली. मी त्याच्या जागेवर कागदावर बी नाई बसत." मग दोरी पुन्हा उचलत, "अन् दुर्गाच्या मायले हे इचारू नोका. तिले वाईट वाटंल."

आत स्वयंपाकघरात झाकण आपटलं. म्हणजे ऐकून झालं होतं. थोड्या वेळाने कडी वाजली, मनिरामजींचं ताट उंबऱ्याशी आलं. साधा दिवस होता, सण ना वार, पण ताटात सुवाऱ्या, सणासुदीच्या पुऱ्या, होत्या. मी दिव्याकडे बघत बसले.

मग मी त्या साहेबाला दोन पानी उत्तर लिहिलं. भासरा म्हणजे काय, सून त्याच्याशी का बोलत नाही, फोटोत तोंडं भिंतीकडे का आहेत. दहावीच्या पोरांना निबंध शिकवून हात बसलेला, त्यामुळे शेवटी उपसंहारसुद्धा लिहिला. भैय्यालालने वाचून कपाळाला हात लावला. "मैडम, ये पढ़के तो वो और पागल हो जाएगा." पागल झाला की नाही माहीत नाही, पण कुंताबाईंना मुलाखतीला दिल्लीला बोलावणं आलं.

गोंदियाहून दिल्लीची गाडी धरली. कुंताबाई, मी, चटणी-भाकर आणि मुर्ऱ्याची, म्हणजे चुरमुऱ्यांची, पिशवी. कचेरीत काचेपलीकडे एक गोऱ्या मडम, वयाने कुंताबाईंएवढ्याच. शेजारी हिंदीत सांगणारी एक पंजाबी मुलगी. मला मागे खुर्चीवर बसू दिलं, पण तोंड बंद ठेवायच्या अटीवर. माझ्यासाठी ती शिक्षाच.

"आप उस आदमी से बात नहीं करतीं?" मुलीने विचारलं.

"नाई जी."

"कभी नहीं? झगड़ा है?"

"झगडा कराले बी बोलावं लागते ना बाई!"

मुलगी हसली, मडमला सांगितलं, मडमही हसल्या. मग त्यांनी विचारलं, बोलत नाही तर त्यांना काय हवं-नको ते कळतं कसं?

"खोकलते ना ते," कुंताबाई म्हणाल्या. जगात सगळ्यांनाच हे ठाऊक असतं असा सूर. आणि खोकून दाखवायलाच लागल्या. "हा, आंगनातून येतानीचा. हा, पानी पायजे त्याचा." एक खोल, घोगरा काढला. "हा पावसानं दगा देल्ला त्याचा." काचेपलीकडे दोघी तोंडावर हात धरून बसल्या होत्या. शेजारच्या खिडकीतला साहेबसुद्धा वाकून बघायला लागला. कुंताबाई रंगात आल्या होत्या. "अन् हा..." म्हणाल्या, आणि थांबल्या. तो खोकला त्यांनी काढला नाही. "तो दुर्गा पयल्यांदी दुबईले गेली त्या दिवशीचा होता. मंग नाई आयकला कधी."

मडमनी चष्मा काढून पुसला. काहीतरी लिहिलं. मग कागद गोळा करता करता, सहज, कोणी निघताना पाऊसपाणी विचारावं तसं विचारलं. मुलीने सांगितलं, "मैडम पूछ रही हैं, आपके जाने के बाद वो किसके साथ रहेंगे?"

कुंताबाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"अकेले?"

त्यांनी पदर पुढे ओढला. मडमना घाई असावी, त्यांनी मान डोलावली आणि आमचं काम झालं म्हणून सांगितलं. मी बाहेर येऊन आनंदाने जवळपास नाचले. कुंताबाई गाडीत गोंदिया येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मुर्ऱ्याच्या पिशवीला हातही लावला नाही.

पासपोर्टवर शिक्का लागून आला तेव्हा धानाची रोवणी आटोपली होती. मी पेढे वाटले. पेढे वाटून परतते तर कुंताबाई परसात गोवऱ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रविता, दुर्गाले सांगून देजो, मी नाई येत."

"काय?"

"गाय गाभन आहे. अन् तेथी थंडी लय राह्यते म्हनतेत. माहे घुडघे धरतेत."

"गाय आम्ही बघू. आणि घुडघे इथे काय कमी धरतात?"

"पुढच्या साली जाईन."

"काकीजी, पुढच्या साली म्हणजे कधीच नाही! ऑक्टोबरच्या आत तिथे पाय ठेवायचाय, नाहीतर सगळं पहिल्यापासून. आणि दुर्गाचं बाळंतपण काय तुमच्या गायीसाठी थांबणार आहे?"

त्या थापत राहिल्या. मला संताप आला. तीन वर्षं मी त्या कागदांपायी चपला झिजवल्या होत्या. मी बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. शेवटी त्यांनी शेणाचे हात टेकले आणि म्हणाल्या, "त्या मडमनं इचारलन ना, तवाच मले समजलं. मी गेल्यावर त्याहीले कोन वाढंल व? चाळीस वर्सं झाली, त्याहीनं सोताच्या हातानं पान्याचा गिलास नाई भरला."

मी मनिरामजींना जाऊन सांगितलं. दुसरं माझं काम तरी काय होतं? ते ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अंगणात तीन दगडांची चूल मांडलेली आणि समोर उकिडवे बसलेले मनिरामजी, धुराने डोळे लाल, हातात काठी, त्या काठीने भात ढवळतायत.

गावाला आयती करमणूक झाली. पहिल्या दिवशी भाताची पेज झाली. दुसऱ्या दिवशी खालून कोळसा, वरून तांदूळ. तिसऱ्या दिवशी वरण केलं, त्यात मीठ दोनदा पडलं की हळद दोनदा, हे त्यांनाही सांगता येईना. येणारे-जाणारे थांबून सल्ला द्यायचे. गावातले केशोराव म्हणाले, "मनिरामभाऊ, आमच्या घरी जेवत जा ना!" तर यांनी त्यांना हुसकून लावलं. "मी का भिकारी आहो? शिकून राहिलो ना."

चवथ्या दिवशी त्यांनी वाटीभर वरण माझ्या हातात दिलं. "पाहा बरं मास्तरीनबाई. अन् तिले बी दाखवा. म्हना, जमून राहिलं."

मी चाखलं. "छान झालंय," म्हटलं, आणि लगेच आत जाऊन पाणी प्यायले. कुंताबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं. "हे वरन आहे का औषध?" आणि हसल्या. हसता हसता वाटी खाली ठेवली आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. म्हणाल्या, "त्याहीले सांग, चांगलं झालं म्हनाव. पन मी नाई जात."

असा तो खेळ पंधरवडाभर चालला. इकडून निरोप, तिकडून निरोप. "सांगा तिले, जा म्हनाव." "सांग त्याहीले, नाई म्हनाव." आणि तिकडून दुर्गाचे फोन. मी शाळेतून दमून यायची आणि दोन खोल्यांमध्ये येरझाऱ्या घालायची. एक दिवस माझा पाराच चढला. मनिरामजींना मी सांगून टाकलं, "बाबाजी, मी काय म्हणते ते त्यांना पटत नाही. त्या म्हणतात, रविता आपल्या मनाने जोडून सांगते. आता माझ्याच्याने होणार नाही. तुमचं तुम्ही बघा!"

रागात बोलून गेले. त्याचा अर्थ काय होतो, हे मला घरी गेल्यावर समजलं. मनिरामजी त्या रात्री जेवले नाहीत, असं कुंताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडत होते. रागावले होते तरी जाणार कुठे? बाहेर खोकला आला. कुंताबाईंनी पदर ओढला आणि चुलीमागे सरकल्या. पण पावलं ओसरीवर थांबली नाहीत. ती मधल्या घरात आली. मधल्या घरातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. या उंबऱ्याशी मनिरामजींना मी कधीच पाहिलं नव्हतं. ते आत बघत नव्हते. चौकटीला हात टेकून त्यांनी तोंड परसाकडे केलं होतं.

"दुर्गाची माय," ते म्हणाले.

मी सवयीने उठले. "काय सांगू?"

"बसा मास्तरीनबाई. तुमच्यासंग नाई बोलून राहिलो."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. कुंताबाई भिंतीला इतक्या चिकटल्या की भिंतीतच जातील असं वाटलं.

"दुर्गाची माय, तू जा." आवाज कापत होता, पण मोठा होता. "शालीक असता त तुले संग घेऊन गेला असता. तो नाई. म्हून मी, त्याचा मोठा भाऊ, सांगून राहिलो. आपली पोट्टी परक्या मुलखात बाळतीन होऊन राहिली. तिले माय पायजे. माहं का? मी बुडगा मानूस, माहं कसं बी होते. भात जमून राहिला मले." ते थांबले. खरं बोलायची सवय आड आली असावी. "जमून नाई राहिला. पन जमंल."

चुलीवरचं पाणी उकळत होतं, ते उतरवायचं कोणालाच सुचेना. मग कुंताबाईंनी भिंतीकडे तोंड तसंच ठेवून शेजारचा पितळी गंज, म्हणजे पातेलं, हातात घेतला.

"गंजा," त्या म्हणाल्या, "त्याहीले सांगून दे. वरन शिजतानी झाकन पुरं नाई ठेवाचं, उतू जाते. अन् मीठ एकदाच टाकाचं, उतरल्यावर. रोवनीच्या दिसांत सर्दी होते त लसनाची फोडनी द्याची. हिंगाची डबी कोनाड्यात आहे."

"हाव," मनिरामजी म्हणाले आणि निघून गेले.

मी हसले की रडले, आता आठवत नाही. बहुतेक दोन्ही. कुंताबाईंनी मला दटावलं, "दात का काढतस? माही पेटी काढून दे माळ्यावरची."

निघायच्या दिवशी अख्खं गाव जीपभोवती. नागपूरपर्यंत मी सोबत जाणार होते, पुढे दुर्गाच्या ओळखीची एक नर्स होती. कोणी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. कोणी चिवडा दिला, कोणी बाळासाठी काळा गोफ. कुंताबाई सगळ्यांच्या गळ्यात पडून पडून झाल्या. मनिरामजी कडुलिंबाखाली उभे होते, दिवाळीचंच धोतर नेसून. भासऱ्याच्या पाया पडायचं तर शिवायचं नाही, ही आमची रीत. मनिरामजींना ते ठाऊक. ते दोन पावलं मागे सरले. कुंताबाई पुढे आल्या, वाकल्या, आणि ते जिथे उभे होते त्या मातीला हात लावून कपाळाला लावला. मनिरामजींनी आशीर्वाद दिला. कोणाकडे बघून दिला म्हणाल तर जीपच्या चाकाकडे.

दुर्गाला मुलगी झाली. पोरीचा फोटो गोंदियाच्या सायबर कॅफेतून छापून आणला, तो मनिरामजींनी ओसरीवर लावला. दर रविवारी संध्याकाळी मी मोबाइल घेऊन त्यांच्या अंगणात जाते. आपल्याकडे दिवेलागण, तिकडे सकाळ. मी आवाज मोठा करून मोबाइल खाटेवर ठेवते. मनिरामजींची चूल अंगणातच आहे. मी म्हटलं, "बाबाजी, आता स्वयंपाकघर मोकळंच आहे की, आत शिजवा ना." तर म्हणतात, "ते तिचं आहे." फोनवर जुनीच रीत चालू राहिली. मांजरीचं काम पुन्हा दुर्गाकडे गेलं. "बाबाजी, माय इचारते, गाय व्याली का?" "सांग तिले, कालवड झाली."

एका रविवारी असंच चाललं होतं. मनिरामजींनी नुकतीच चूल पेटवली होती, वर तांदूळ टाकले होते. एवढ्यात तिकडे बाळाने भोकाड पसरलं. "थांबा हं, आली मी," म्हणत दुर्गा पळाली. फोन चालूच राहिला. बाळाचं रडणं दूर दूर गेलं. पलीकडे कोणीतरी श्वास घेतंय एवढं ऐकू येत होतं. इकडे मनिरामजी, तिकडे त्या, आणि मधे कोणी नाही. मी होते, पण मी ओठ गच्च मिटले. म्हटलं, रविता, आज जीभ चावून बस.

फोन कटला की काय म्हणून मी वाकून बघितलं. आणि तिकडून, अगदी हळू, आवाज आला.

"जेवलात का जी?"

मनिरामजींनी माझ्याकडे बघितलं. मी कडुलिंबाकडे बघितलं. ते उठून उभे राहिले. खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"हाव," ते म्हणाले. "जेवलो."

"वरन?"

"वरन बी होतं. अगदी तुह्यासारखं झालं होतं. पोटभर जेवलो."

"मंग बरं आहे," कुंताबाई म्हणाल्या.

तीन दगडांवरच्या भाताला अजून उकळीही आली नव्हती. जाळ विझत चालला होता. मनिरामजी चुलीपाशी वाकले आणि त्यांनी फुंकर घातली, पण हळू, तिकडे ऐकू जाऊ नये अशी.